ऐकणाऱ्याच्या बाजूचे सत्य : बहिणी, गुपिते आणि मराठी अद्भुतकथा

बहिणींच्या कथांच्या इतिहासात १८६८ हे वर्ष एका योगायोगामुळे लक्षात राहण्याजोगे आहे. त्या वर्षी अमेरिकेत लुइझा मे अल्कॉट यांच्या 'लिटल वुमेन'चा पहिला भाग निघाला, लंडनमध्ये मेरी फ्रेअर यांचा 'ओल्ड डेक्कन डेज' हा दख्खनच्या लोककथांचा संग्रह प्रसिद्ध झाला, आणि मराठीत नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी छापून आली. पहिल्या पुस्तकात चार बहिणींचे घर आहे, दुसऱ्यात सात राजकन्या आणि एका जादूगाराचे गुपित आहे, तर तिसऱ्यात राजकुळातल्या तरुण-तरुणीचे प्रेम अद्भुताच्या साथीने रंगवलेले आहे. भगिनीभाव, गुपित, जादू आणि प्रेम हे सगळे घटक एकत्र गुंफणारा कथाप्रकार आज इंग्रजी प्रकाशनव्यवसायात 'रोमँटसी' या नावाने ओळखला जातो. प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांची सांगड घालणारा आणि किशोरवयीन मुलींमध्येही वाचला जाणारा हा प्रकार ठाण्याच्या घोडबंदर रोडवरील गृहसंकुलांतही पोहोचला आहे. तिथल्या अनेक घरांत बोलणे मराठीत आणि वाचन इंग्रजीत अशी विभागणी झालेली असल्यामुळे या कथा मराठी मुलींच्या वाचनात आहेत, पण मराठीत नाहीत, अशी स्थिती दिसते. हे घटक मराठीला अपरिचित नव्हते. ते एकत्र का आले नाहीत, आणि बहिणींमधले गुपित व खरेपणा यांचा विचार मराठी परंपरेने कोणत्या रीतीने केला, हे दोन प्रश्न या आढाव्याचा विषय आहेत.

या परंपरेचा सर्वांत जुना आणि सर्वांत संपन्न साठा श्रावणातल्या कहाण्यांमध्ये आहे. कहाणी म्हणजे विशिष्ट वार किंवा व्रताच्या दिवशी, हातात तांदळाचे दाणे घेऊन, घरातल्या स्त्रियांनी एकीने सांगायची आणि इतरांनी ऐकायची कथा; आणि वसा म्हणजे त्या कथेतून एकीकडून दुसरीकडे जाणारा व्रताचा नेम. 'संपूर्ण चातुर्मास'सारख्या पुस्तकांमुळे या कहाण्यांचा पाठ बराचसा स्थिर झाला, आणि सी. ए. किंकेड यांनी १९१४ मध्ये 'डेक्कन नर्सरी टेल्स' या पुस्तकात त्यांतील अनेक इंग्रजीत नेल्या. नर्सरी हा शब्द त्यांनी का निवडला असेल हे समजण्याजोगे असले, तरी तो दिशाभूल करणारा आहे, कारण कहाणीचा श्रोतृवर्ग पाळण्यातला कधीच नव्हता. माहेरी आलेली नवविवाहिता, लग्नाची वाट पाहणारी मुलगी, विधवा आत्या आणि घरची म्हातारी अशा सगळ्या वयांच्या स्त्रिया एकाच वेळी ती ऐकत, आणि संपत्ती, आळ, सवत, वांझपण, परित्याग हे तिचे विषय प्रौढांचेच होते.

वर्णसठीच्या कहाणीत राजा आपल्या सात मुलींना विचारतो की, तुम्ही कोणाच्या नशिबाच्या. सहा जणी बापाच्या नशिबाच्या असल्याचे सांगतात, तर सातवी आपण आपल्याच नशिबाच्या असल्याचे सांगते; राजा रागावून सहा जणींना चांगल्या घरी देतो आणि सातवीला हातपाय झडत चाललेल्या दरिद्री माणसाच्या गळ्यात बांधतो. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आपल्या नशिबाची जबाबदारी स्वतः घेणाऱ्या राजकन्येचा एक स्वतंत्र कथाप्रकार मानला जातो, आणि 'किंग लिअर'मधील धाकट्या मुलीची गोष्ट त्याच्या शेजारच्या घरातली आहे. मात्र लिअरची मुलगी प्रेमाचे माप सांगण्यास नकार देते, आणि वर्णसठीतली मुलगी प्रेमाविषयी बोलतच नाही. ती फक्त एक वस्तुस्थिती सांगते. सहा बहिणी खोटारड्या आहेत असेही कथा कुठे म्हणत नाही. त्यांनी बापाला जे ऐकायचे होते ते सांगितले, एवढेच. दोष राजाच्या कानाचा आहे, आणि पुढचे सारे कथानक त्याचा कान दुरुस्त होण्यासाठी घडते.

आदितवारच्या राणूबाईच्या कहाणीत हीच बाब अधिक ठळक होते, आणि तिथे समोरासमोर बहिणीच आहेत. एका गरीब ब्राह्मणाच्या दोन मुलींपैकी एक राजाला आणि दुसरी प्रधानाला दिलेली असते. बाप दोघींच्या घरी जाऊन आपली कहाणी ऐकण्याची विनंती करतो. राणीला सवड नसते, प्रधानाची बायको मात्र बसून ऐकते. पुढे राणीच्या घरी दारिद्र्य येते आणि ती आपल्या मुलांना एकामागून एक मावशीकडे पाठवते. मावशी मुलाला न्हाऊमाखू घालते, जेवू घालते आणि कोहळा पोखरून त्यात होनमोहरा भरून देते; वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या रूपात येऊन तो कोहळा काढून घेतो. दुसऱ्या मुलाला ती पोकळ काठीत भरून देते, तिसऱ्याला नारळात, आणि प्रत्येक वेळी तेच घडते. ही देणगी झाकून का दिली जाते, याचे उत्तर कोणत्याही मराठी वाचकाला सांगावे लागत नाही: श्रीमंत बहिणीने दरिद्री बहिणीला उघड दिले तर ते दान होते, घेणारीची मान खाली जाते आणि देणारीच्या सासरी चर्चा होते. कोहळ्यातले गुपित हे बहिणीची अब्रू राखण्याचे साधन आहे. तरीही कथा ते पोहोचू देत नाही, कारण राणीचा दोष पैशाने फिटणारा नाही. ती स्वतः बहिणीकडे जाते, कहाणी ऐकते, वसा घेते, आणि तेव्हा कुठे तिचे दिवस पालटतात. त्यानंतरचा भाग तर सबंध ऐकण्याचाच आहे. परतीच्या वाटेवर दर मुक्कामी कोणी उपाशी माणूस शोधून त्याला कहाणी ऐकवली जाते, आणि मोळीविक्यापासून म्हातारीपर्यंत ज्याने ज्याने ऐकले त्याचे गेलेले परत मिळते.

खोट्याची कहाणी दिव्यांच्या अवसेची आहे, आणि ती या चर्चेसाठी सर्वांत महत्त्वाची ठरते. राजाची सून घरातला एक पदार्थ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड घेतात ते तिची चोळी रात्री पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकून. सकाळी बोभाटा होतो आणि सासू-दीर तिला घराबाहेर काढतात. ही सून रोज घरचे दिवे घासत-पुसत असे, आषाढी अमावास्येला त्यांना नैवेद्य दाखवत असे; ती गेल्यावर ते सगळे बंद पडते. त्या अवसेच्या रात्री शिकारीहून परतणारा राजा एका झाडाखाली मुक्काम करतो आणि झाडावर जमलेले गावातले दिवे कोणाच्या घरी काय गोडधोड झाले हे एकमेकांना सांगताना ऐकतो; त्यांतला त्याच्याच घरचा दिवा मालकिणीची सगळी हकिगत सांगतो. राजा घरी येऊन चौकशी करतो आणि सुनेला मेण्यात बसवून परत आणतो. सुनेने खोटे सांगितले होते हे खरे, पण तिला मिळालेली शिक्षा दुसऱ्याच, न केलेल्या गोष्टीची होती. कथेने या दोन बाबी एकमेकींपासून नीट वेगळ्या ठेवल्या आहेत आणि तरीही तिला कबुली द्यायला लावलेले नाही. सत्य कोणी सांगत नाही. ते एका योग्य जागी, योग्य वेळी बसलेल्या माणसाच्या कानी पडते. सुनेने स्वतः सांगितले असते तर कोणी विश्वास ठेवला असता, असा प्रश्न ही कहाणी न विचारता विचारते.

या तिन्ही कहाण्या एकत्र ठेवल्या असता एक नियम हाती लागतो. आधुनिक युवाकथेत खरेपणाची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते: जिने लपवले तिने कबूल करावे, मग क्षमा आणि मीलन. कहाणीत ती जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. बाप, राणी, राजा यांच्यापैकी ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला ऐकता आले पाहिजे, आणि ते येत नाही तोवर दुर्बळ बाजूने गुपित ठेवणे हा अपराध मानलेला नाही. जात्यावरच्या ओव्यांतही हीच व्यवस्था दिसते. गी पॉईतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून सुरू केलेल्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत सासुरवाशीण आपले मन अनेकदा जात्याला सांगते, कारण दळणाच्या पहाटे घरात ऐकायला दुसरे कोणी नसते. सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत आणि तारा भवाळकर यांच्या अभ्यासांनी स्त्रियांच्या या बोलण्याला मराठी समीक्षेत स्थान मिळवून दिले.

फ्रेअर यांच्या संग्रहातल्या 'पंचकिन' या कथेत मात्र गुपिताची दिशा उलटी आहे. मेरी फ्रेअर या मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या कन्या, आणि त्यांना या कथा सांगणाऱ्या ॲना लिबराटा डिसूझा या त्यांच्या आया. १८६५-६६ च्या दख्खन दौऱ्यात त्यांनी आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या आणि फ्रेअर यांनी त्या लिहून घेतल्या. सात राजकन्यांपैकी धाकटी बाल्ना जादूगाराच्या मनोऱ्यात बारा वर्षे कैदेत राहते आणि त्याच्याशी लग्न करायला नकार देत राहते; तिचा नवरा आणि सहाही मेहुणे दगड होऊन पडलेले असतात, आणि तिच्या तान्ह्या मुलाला तिच्या सहा बहिणी वाढवतात. मुलगा मोठा होऊन गुपचूप येतो तेव्हा बाल्ना जादूगाराशी गोड बोलून त्याच्या अमरत्वाचे मर्म काढून घेते: दूर जंगलात, ताडांच्या कोंडाळ्यात, एकावर एक रचलेल्या सहा घागरींखाली पिंजऱ्यातला हिरवा पोपट, आणि त्या पोपटात त्याचा प्राण. सत्तावानाचे गुपित दुर्बळ बाजूने खोटे बोलून काढून घेतले तर ते चालते, उलट नाही, असा या कथेचा न्याय आहे, आणि त्याविषयी तिला काडीचीही खंत नाही. प्रेमकथा, अद्भुत, बहिणींची एकजूट आणि फसवणुकीचा नैतिक पेच हे सगळे इथे असल्याने दीडशे वर्षांपूर्वीच्या या कथेत आजच्या रोमँटसीचा आराखडा जवळजवळ पूर्ण आहे. ही कथा दख्खनच्या मुलखातून थेट इंग्रजीत गेली. तिचा मराठी वारसा पुढे चालवणारा कादंबरीकार मात्र निघाला नाही.

सणांच्या पातळीवर भगिनीभाव मराठी घरात आजही टिकून आहे. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी दोन बहिणींच्या रूपात तीन दिवसांसाठी माहेरी येतात, विदर्भ-मराठवाड्यात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. पाणवठ्यावरच्या साती आसरा या सात बहिणी आहेत. घोडबंदर रोडलगतच्या ओवळा, वाघबीळ, कोलशेत यांसारख्या मूळ गावठाणांतल्या आगरी-कोळी लग्नांची परंपरा धवलारिणीच्या गाण्यांची, तर येऊरच्या डोंगरातल्या वारली समाजाची धवलेरीची; लग्न लावण्याचा आवाज दोन्हीकडे स्त्रीचाच. आश्विनातला भोंडला संकुलांच्या सभागृहांत हौसेने होतो, आणि त्यातला शेवटचा खेळ खिरापत ओळखण्याचा असतो: झाकलेला डबा हलवून, वास घेऊन, तिखट की गोड विचारत मुली आतला पदार्थ शोधतात आणि यजमानीण ओळखू न येईलसे काही करण्यासाठी आठवडाभर डोके खाजवते. मुलींच्या गुपिताला मराठी समाजाने दिलेली ही कदाचित सर्वांत निरागस मान्यता असेल.

छापील कादंबरीने वेगळी वाट धरली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आली आणि तिच्यासह 'मंजुघोषा'ने अद्भुतरम्य कादंबरीचा, म्हणजे राजपुत्र-राजकन्या, विरह, अपहरण आणि दैवी योगायोग यांच्यावर चालणाऱ्या कादंबरीचा, प्रवाह सुरू केला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या भाषांतराची लोकप्रियता याच काळातली. त्या अरबी कथाचक्राचा सांगाडा दोन बहिणींच्या गुपित करारावर उभा आहे. शहराजाद बादशहाला गोष्ट सांगते, पण गोष्ट सांग अशी विनंती ठरल्याप्रमाणे धाकटी दुन्याजाद करते. ऐकणारी बहीण नसती तर सांगणारी पहिल्याच पहाटे मारली गेली असती. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी पाठावरून हे चक्र पुन्हा मराठीत आणले तेव्हा त्यातली शारीर मोकळीक पहिल्यांदा प्रौढ मराठी वाचकासमोर आली. पण तोवर मराठी कादंबरीचा कल ठरून गेला होता. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या निबंधात अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर झोड उठवली, हरिभाऊ आपट्यांनी मध्यमवर्गीय घरातले वास्तव हाच कादंबरीचा गाभा केला, आणि राजवाड्यांनी १९०२ च्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुताची बाजू घेतली तरी प्रतिष्ठा वास्तववादाकडेच राहिली. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने वाचक भरपूर मिळवले. समीक्षेने मात्र तिला करमणुकीच्या खात्यात जमा केले.

अद्भुताला उतरती कळा लागण्याचे हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल असून त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. युवाकथेला बालपण आणि लग्न यांच्यामधला काही वर्षांचा मोकळा काळ लागतो, आणि मराठी मुलीच्या आयुष्यात तो काळ विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ नव्हताच. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. ते अठरावर येण्यासाठी १९७८ साल उजाडावे लागले. कहाण्यांतले प्रेम म्हणूनच लग्नानंतरचे आहे: नवऱ्याने टाकलेली बायको पुन्हा ओळखली जाणे हाच त्यांचा प्रणयप्रसंग. शारदा कायद्यानंतर चारच वर्षांनी, १९३३ मध्ये, 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित तरुणींच्या मनातले प्रेम प्रथम उघड बोलले गेले, हा योगायोग मानता येत नाही. ते बोलण्यासाठी बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना विभावरी शिरूरकर या नावाआड राहावे लागले, आणि लेखिका कोण याचा शोध पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा अधिक उत्साहाने चालला. समाजाला खरेपण ऐकवायचे तर सांगणारीने गुपित राहावे, ही दिव्यांच्या अवसेचीच रीत होती. संग्रहातल्या 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेचा प्रश्न कमावत्या मुलीचा आहे, आणि शांता गोखले यांच्या १९९० च्या 'रीटा वेलिणकर'मध्ये तो बहिणींमधल्या थोरलीच्या रूपाने परत येतो. घर पोसणारी रीटा विवाहित वरिष्ठाशी असलेले नाते लपवत जगते आणि त्या लपवण्याने मोडून पडते. इथे गुपित संरक्षण देत नाही, आतून पोखरते. या विषयावरची मराठीतली सर्वांत परिपक्व कादंबरी तीच आहे. पण ती चौदा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेली नाही.

त्या मुलीला मराठीत बहिणींची गोष्ट मिळाली ती भाषांतरातून. शांता शेळके यांनी 'लिटल वुमेन'चे 'चौघीजणी' केले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या चार मुली मराठी घरांत इतक्या रुळल्या की मूळ पुस्तक परके वाटावे. अद्भुताची भूक 'चांदोबा'ने, बालभारतीच्या १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'किशोर'ने आणि रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'सारख्या बालनाट्यांनी भागवली. ठाण्याचे गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह त्यांतल्या चेटकिणीच्या प्रयोगांना सुट्टीत भरतात. मात्र हा सगळा पुरवठा बाराव्या-तेराव्या वर्षी थांबतो. चेटकीण चालते, राजपुत्राशी लग्नही चालते, पण राजकन्येला राजपुत्राविषयी काय वाटते हे चालत नाही. मिलिंद बोकील यांच्या २००४ च्या 'शाळा'ने हा संकेत मोडला. पण तिचा निवेदक मुलगा आहे, काळ आणीबाणीचा आहे आणि अद्भुताचा तिच्यात लवलेश नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, ठाण्यात २०१० मध्ये आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये साहित्य संमेलने भरली. वाचनाची परंपरा असलेल्या या पट्ट्यात 'मुलींसाठी, वय चौदा' असा कप्पा मराठी पुस्तकांच्या मांडणीत क्वचितच सापडतो.

ती जागा बाहेरून आलेल्या पुस्तकांनी घेतली. सारा जे. मास यांच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत तीन बहिणींपैकी धाकटी फेअरा शिकार करून घर चालवते. युवावाचकांसाठी म्हणून काढलेली ही मालिका पुढे प्रौढांच्या विभागात हलवण्यात आली, यावरून या वयोगटाच्या सीमा तिकडेही किती डळमळीत आहेत ते दिसते. स्टेफनी गार्बर यांच्या २०१७ च्या 'कॅरावॅल'मध्ये थोरली स्कार्लेट एका जादुई खेळात धाकट्या टेलाचा शोध घेते आणि या सगळ्या खेळात टेलाचेच अंग होते हे तिला शेवटी कळते. 'फ्रोझन' या २०१३ च्या चित्रपटात थोरली आपली शक्ती धाकटीपासून लपवते. या तिन्हींत गुपित हा बहिणींमधला अडथळा आहे. मला आधी का सांगितले नाहीस, ही या प्रकारातली सर्वांत मोठी तक्रार असते. आणि ज्या घरात मुलीची स्वतंत्र खोली आणि मनमोकळ्या बोलण्याची अपेक्षा दोन्ही गृहीत आहेत तिथे ती रास्तच आहे. दोन खोल्यांत पाच माणसे राहणाऱ्या घरात बहिणीचे गुपित ठेवणे हीच निष्ठेची पहिली परीक्षा असते, हे त्या कथांना माहीत असण्याचे कारण नाही.

मराठीत आज हे सर्व घटक एकत्र दिसतात ते दूरचित्रवाणीवर, आणि त्या मालिकांच्या चित्रीकरणाची अनेक ठिकाणे घोडबंदर रोडच्या पट्ट्यातच आहेत. झी मराठीवर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'सातव्या मुलीची सातवी मुलगी'ने भविष्य दिसणारी नायिका, देवीचे रहस्य आणि प्रेमकथा यांचा मेळ घालून अद्भुताला रोजच्या प्रेक्षकांत परत आणले, हे तिचे श्रेय आहे. मात्र एकूण मालिकांच्या व्यवहारात बहिणी बहुधा प्रतिस्पर्धी होतात, आणि ऐकणे या जुन्या कृतीचे रूप दाराआडून ऐकण्यात होते. कोणीतरी पडद्याआड उभे असते, अर्धे वाक्य कानावर पडते, संगीत चढते आणि भाग संपतो. दिव्यांच्या अवसेचा राजाही चोरूनच ऐकत होता. पण त्याने पूर्ण ऐकले आणि घरी जाऊन चौकशी केली. मालिकेतल्या व्यक्तीने पूर्ण ऐकले तर पुढचे दीडशे भाग उरणार नाहीत, ही व्यवसायाची अडचण आहे.

याच अडचणीची दुसरी आवृत्ती भ्रमणध्वनीवरच्या क्रमशः कादंबऱ्यांत आढळते. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रतिलिपि'सारख्या व्यासपीठांवर मराठीत लिहिणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असून, जुळ्या बहिणी, बदललेल्या नवऱ्या, शाप आणि पुनर्जन्म यांच्या कथा तिथे भागाभागाने येतात. त्यांची भाषा घाईची असते, कथानके एकमेकांना धडकतात, आणि तरीही या लेखनात एक गोष्ट जुन्या कहाणीच्या जवळची आहे: ऐकणारी समोर असते. भाग टाकल्यावर काही मिनिटांत वाचकांची विचारणा सुरू होते, थोरलीने धाकटीला सांगून टाकावे की नाही यावर मते पडतात, आणि लेखिका पुढच्या भागात त्यांची दखल घेते. छापील मराठी युवाकादंबरी उद्या लिहिली गेलीच, तर तिची लेखिका चांदोबाच्या वाचकांतून येण्यापेक्षा या टाकणाऱ्या-विचारणाऱ्या मंडळींतून येण्याचा संभव अधिक दिसतो. तिच्यासमोरचा पहिला प्रश्न मात्र थोरलीच्या कबुलीचा नसून धाकटीला ते पेलवेल का, हा असेल.